रॉड जमिनीवर असतानाच डेडलिफ्ट ठरते

पणजी असो, म्हापसा असो की फोंडा, संध्याकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही जिममध्ये शिरा. डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरचा जड रॉड उचलून सरळ उभं राहण्याच्या व्यायामाच्या, कोपऱ्यातून एक आरोळी हमखास कानावर येते: ‘फाट नीट दवर रे!’, म्हणजे पाठ नीट ठेव. सांगणाऱ्याचं चुकत नाही, फक्त त्याला उशीर झालेला असतो. रॉड नडगीच्या मध्यावर पोचलाय, त्यावर शंभर किलो आहेत, आणि आता पाठ सरळ करायची? तेव्हा ती होत नाही. पाय कुठे ठेवले, कंबर किती उंचीवर ठेवली, श्वास कधी घेतला, यातच ती बिघडलेली असते. म्हणून इथे रॉड जमिनीवर असतानाचं बोलणं जास्त आहे आणि हवेत असतानाचं कमी.

आधी टेप घ्या

स्पर्धेत वापरतात त्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो. म्हणजे रॉडचा मध्य जमिनीपासून २२.५ सेंटिमीटरवर येतो. डेडलिफ्टचे जेवढे फोटो आणि व्हिडिओ तुम्ही बघता, ‘कंबर एवढी वर, गुडघा एवढा पुढे’ असं जे काही ऐकता, ते सगळं या एका मापाला धरून असतं.

आपल्याकडच्या वाड्यावरच्या जिममध्ये मात्र बिडाच्या प्लेट असतात आणि त्यांच्या मापाला काही धरबंध नसतो. दहा किलोची प्लेट जेमतेम जेवणाच्या ताटाएवढी. ती लावली की रॉड १४-१५ सेंटिमीटरवर येतो. नवशिक्याला वीसची प्लेट जड जाईल म्हणून दहाची लावून देतात, आणि त्यामुळे ज्याला अजून नीट वाकताही येत नाही त्याच्या वाट्याला सगळ्यात खोल, सगळ्यात अवघड डेडलिफ्ट येते. त्याची कंबर वाकते, मग त्याला सांगितलं जातं की तुझे मांडीमागचे स्नायू आखडलेले आहेत. स्नायू बहुतेक वेळा ठीक असतात. रॉड आठ सेंटिमीटर खाली असतो.

उपाय स्वस्त आहे. प्लेटचा व्यास मोजा, निम्मा करा, २२.५ मधून वजा करा. प्लेट ३० सेंटिमीटरची असेल तर १५ वजा जाऊन साडेसात सेंटिमीटर कमी पडतात. १८ मिलिमीटर प्लायवुडचे चार तुकडे एकावर एक ठेवले की ७.२ सेंटिमीटर मिळतात, तेवढं पुरे. जाड रबरी मॅटचे तुकडेही चालतात, किंवा मोठ्या प्लेट आडव्या टाकून त्यांवर रॉडच्या प्लेट टेकवता येतात. दोन्ही बाजूंची उंची तंतोतंत सारखी हवी. अंगणात उरलेला चिरा मात्र यासाठी घेऊ नका. त्याच्या कडा झडतात, वरचा भाग कधीच सपाट नसतो आणि रॉड घरंगळून पायावर येतो.

रॉडचंही वजन करून बघा. पन्नास मिलिमीटरच्या फिरत्या टोकांचा ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, महिलांचा १५ किलोचा. पण ज्यावर बारीक भोकाच्या प्लेट सरळ सरकवतात तो सलग लोखंडी रॉड जाडी-लांबीप्रमाणे साधारण ७ ते १० किलोच भरतो. भुसारी दुकानातल्या काट्यावर एकदा ठेवून आकडा वहीत लिहून ठेवा. नाहीतर जिम बदलल्यावर अचानक बारा किलोंनी अशक्त झाल्यासारखं वाटेल. रॉड वाकडा आहे का तेही बघा. प्लेट न लावता सपाट लादीवर लोळवला की वाकडा रॉड डुगडुगतो. वाकडा रॉड उचलताना हातात आपोआप फिरतो आणि पकड सोडवतो.

वाकायचं कुठून

दोन्ही हातांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या पिशव्या आहेत आणि मागचं दार बंद करायचंय. काय कराल? बूड मागे ढकलाल. गुडघे जरासे वाकतील, छाती पुढे झुकेल, पाठ मात्र आपोआप फळीसारखी राहील. खुब्यातून वाकणं म्हणतात ते हेच. ते ओणवं होण्याच्या जवळचं आहे, उकिडवं बसण्याच्या जवळचं नाही. डेडलिफ्ट म्हणजे हातात रॉड धरून केलेली बैठक असा समज फार पसरलेला आहे, आणि निम्मे बिघाड त्यातूनच होतात.

जमतंय का ते बघायला मीटरभर लांबीची सरळ काठी घ्या आणि पाठीवर उभी धरा. ती तीन जागी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड. आता बूड मागे ढकलत वाका. तिन्हींपैकी एक जागा सुटली की तिथे थांबा, तुमची आजची मर्यादा तीच. भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभं राहायचं आणि वाकताना बुडाने भिंतीला टेकायचं, मग टाच दोन बोटं पुढे घ्यायची आणि पुन्हा, असं दहा-दहा वेळा दोन आठवडे केलं की काठीची गरज राहत नाही. हे जमण्याआधी रॉडवर प्लेट चढवू नयेत असं माझं ठाम मत आहे. जिममध्ये ते कुणाला आवडत नाही.

पाय

रॉड पावलाच्या मध्यावर हवा. यात टाचही धरायची. पाऊल २७ सेंटिमीटरचं असेल तर साडेतेराव्या सेंटिमीटरवर. उभं राहून खाली बघितलं की टाच दिसत नाही, फक्त घोट्याच्या पुढचं पाऊल दिसतं. म्हणून माणूस दिसणाऱ्या भागाचा मध्य काढतो आणि रॉड दोन इंच पुढे राहतो. सरळ उभं असताना नडगी आणि रॉड यांत साधारण अडीच सेंटिमीटर अंतर, ही खूण धरा. पहिल्यांदा ते फारच जवळ वाटतं. वाटू दे.

याला एवढं महत्त्व का? समजा, रॉड उचलताना खुब्यापासून रॉडपर्यंतचं आडवं अंतर २५ सेंटिमीटर आहे. रॉड पाच सेंटिमीटर पुढे गेला तर ते ३० झालं, म्हणजे तरफेचा हात पाचव्या हिश्शाने वाढला. रॉडवर शंभर किलोच आहेत, पण कमरेला ते एकशेवीससारखे लागतात. हिशेब ढोबळ आहे, पण उसण कुठून भरते ते त्यात दिसतं.

दोन पावलांमधलं अंतर कमरेच्या रुंदीएवढं, बैठकीपेक्षा कमी. उंच उडी मारायला उभे राहाल तसे उभे राहा, तेच अंतर. चवडे किंचित बाहेर वळलेले, दहा-पंधरा अंश.

बूट पळण्याचे नकोत. त्यांचा तळ दाबला जातो आणि टाच उंच असते, त्यामुळे तोल पुढे जातो. सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट किंवा अनवाणी पाय उत्तम. पावसाळ्यात मात्र अनवाणी उभं राहण्याआधी तळवे आणि लादी दोन्ही कोरडी पुसा. बाहेरून आलेल्या छत्र्यांचं पाणी कुठवर पसरलंय ते कळत नाही. नुसत्या मोज्यांवर तर कधीच नाही.

वाकणं, पकडणं, कंबर बसवणं

पाय ठरले की रॉड हलवायचा नाही. हे एकच पथ्य पाळलं तरी बरंच सुधारतं. बहुतेक जण रॉड धरतात, खाली बसतात आणि नडगीने रॉड पुढे ढकलतात, म्हणजे पाय बसवताना केलेलं सगळं काम पाण्यात.

क्रम असा: बूड मागे ढकलत वाका आणि हात रॉडपर्यंत न्या, गुडघे अजून जवळजवळ सरळच. पायांच्या लगेच बाहेर रॉड धरा, अंगठा नडगीपासून बोटभर अंतरावर. समोरून बघणाऱ्याला दोन्ही हात उभे, सरळ दिसले पाहिजेत. पकड रुंद झाली की हात तिरके होतात, उंची कमी झाल्यासारखं होतं आणि आणखी खाली वाकावं लागतं. आता गुडघे पुढे आणा, नडगी रॉडला टेकेपर्यंत आणि एक केसही जास्त नाही. नडगी टेकली त्या क्षणी कंबर जिथे आहे, तीच तुमच्या कमरेची जागा. त्यानंतर तिला खाली दाबायचं नाही. मग फक्त छाती वर काढा.

कंबर खाली दाबली तर काय होतं ते व्हिडिओत छान दिसतं. बूड बैठकीसारखं खाली, छाती ताठ, फोटोत रुबाबदार. ओढायला सुरुवात करताच बूड आधी वर उसळतं, रॉड जागचा हलत नाही, आणि बूड नेहमीच्या जागी आल्यावर मग रॉड सुटतो. जड वजन खवाट्यांच्या खाली लोंबतं तेव्हाच शरीर त्याला तोलू शकतं. तुम्ही कंबर कुठेही ठेवा, वजन तिला आपल्या जागी आणून सोडतं. मग तिथूनच सुरुवात केलेली बरी, कारण उसळताना पाठीचा ताण सुटतो आणि कणा वाकतो. बाजूने बघितल्यावर खांदे रॉडच्या किंचित पुढे, कंबर गुडघ्यांच्या वर आणि खांद्यांच्या खाली, एवढं दिसलं की झालं.

नेमकी किती वर? ते हाडांच्या लांबीवर आहे. लांब मांडी आणि आखूड हात असलेल्याची पाठ जास्त आडवी होणारच, ती त्याची चूक नव्हे. लांब हातांचा माणूस जास्त उभा राहतो. अमेरिकेचा लामार गँट याच्या कण्याला बाक होता, त्यामुळे धड आखूड आणि हात त्या मानाने खूप लांब. त्याने १९८५ साली ६० किलो वजनी गटात ३०० किलो उचलले, शरीराच्या पाचपट. त्याचा फोटो बघून आपली कंबर लावायला गेलात तर फसाल.

पाय रुंद ठेवून आतून पकडायची ती सुमो डेडलिफ्ट. लांब मांडीच्या लोकांना ती बऱ्याचदा सोयीची पडते, पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत दोन्ही चालतात, आणि ‘ती चीटिंग आहे’ हा वाद इथे नको. तिच्यात गुडघे चवड्यांच्या दिशेनेच उघडले पाहिजेत. बाकी पावलाच्या मध्याचा नियम तोच.

काखा आणि पोट

रॉड नडगीला चिकटून ठेवण्याचं काम हातांचं नाही, काखेखालच्या रुंद स्नायूंचं आहे. काखेत कुणी लिंबू ठेवलंय आणि ते पिळायचंय असं समजा. दंड आत घट्ट होतात, खांदे खाली जातात, रॉड पायाकडे ओढला जातो. खवाटे मागे आवळू नका. तसं केल्याने हात आखूड होतात आणि जड वजन ते पुन्हा सोडवतंच.

श्वास छातीत घेतला तर उपयोग नाही. पोट पुढे, बाजूंना आणि मागे कमरेकडेही फुगलं पाहिजे, जणू आत भरलेला फुगा आहे. मग कुणी पोटात गुद्दा मारणार आहे अशा बेताने पोट आवळायचं आणि श्वास धरायचा. रॉड वर जाऊन सरळ उभे राहिलात की मग थोडा सोडायचा. ज्यांना खाली वाकल्यावर श्वास घेता येत नाही, पोट मध्ये येतं म्हणा किंवा नुकतंच शीत-कढी रिचवून आलेत म्हणा, त्यांनी उभं असतानाच श्वास भरावा आणि मग वाकावं. भरपेट जेवणानंतर दोन-अडीच तास तरी जाऊ द्या.

श्वास धरून ताण दिला की रक्तदाब त्या काही सेकंदांपुरता बराच चढतो. ज्यांना उच्च रक्तदाब, हर्निया किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड डेडलिफ्ट करू नये.

कमरेला बांधायचा पट्टा पोटाला ढकलायला भिंत देतो, कमरेला टेकू देत नाही. त्यामुळे पोट आवळता येत नसेल तर पट्ट्याने काही होत नाही. स्पर्धेच्या नियमात त्याची रुंदी जास्तीत जास्त १० सेंटिमीटर आणि जाडी १३ मिलिमीटर. बांधल्यावर एक बोट कसंबसं आत जावं. वाकल्यावर बरगडीला रुतत असेल तर थोडा खाली घ्या. सरावाचे हलके सेट (एका दमात सलग केलेल्या उचली म्हणजे एक सेट) पट्ट्याशिवायच करा.

ढील काढणं

आता सगळ्यात कमी शिकवली जाणारी गोष्ट. रॉड आणि प्लेटच्या भोकात थोडी फट असते. शिवाय जड वजनाला रॉड स्वतः मध्ये थोडा वाकतो. तुमच्या कोपरात, खांद्यात, बोटांतही ढील असते. ही सगळी ढील शिल्लक ठेवून झटका मारला तर पहिले काही मिलिमीटर रॉड तुमच्यासोबत येतो आणि मग सगळं वजन एकदम लागतं. तो धक्का शरीरात जिथे कच्चं असेल तिथे बसतो, बहुतेकदा कमरेत. आवाजावरूनही कळतं. झटका मारणाऱ्याच्या प्लेट खणखणतात. ढील काढणाऱ्याचा एकच ‘टक्’ येतो आणि मग शांतता.

करायचं असं: श्वास भरला, काखा आवळल्या, आता रॉडला वर ओढा पण उचलू नका. रॉडवर शंभर किलो असतील तर चाळीस-पन्नास किलोंचा ताण द्या. ‘टक्’ झालं की रॉड भोकाच्या वरच्या कडेला टेकला. त्याच ताणाचा आधार घेऊन छाती आणखी थोडी वर आणि कंबर आपल्या जागी घट्ट. कोपर सरळ, दोरीसारखे. मग हाताने ओढायचं नाही, पायाने जमीन खाली ढकलायची. चिखलात अडकलेला पाय आपण उपसून काढतो तसं नाही, तर होडी किनाऱ्यावरून पाण्यात ढकलताना पाय वाळूत रोवून जोर देतो तसं.

वजन जमिनीवर पूर्ण थांबलेल्या अवस्थेतून उचलायचं म्हणून या व्यायामाचं नाव डेडलिफ्ट. जमिनीवर आपटून उसळी घेऊन पाच रेप, म्हणजे सलग पाच उचली, मारले तर त्यातली पहिलीच डेडलिफ्ट असते. प्रत्येक रेपला रॉड टेकवा, श्वास सोडा, पुन्हा भरा, पुन्हा ढील काढा. वेळ लागतो. लागू दे.

वर जाताना आणि खाली येताना

इथे सांगण्यासारखं थोडंच उरतं. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत पाठीचा कोन जवळजवळ तोच राहतो आणि गुडघे मागे जातात. रॉड नडगीला घासत येतो. सुती लांब मोजे किंवा ट्रॅक पँट घाला, सोललेल्या नडगीचं रक्त दुसऱ्याच्या रॉडवर लावणं बरं नव्हे. रॉड गुडघ्यावर आला की खुबे पुढे. शेवटी गुडघे सरळ, खुबे सरळ, नितंब आवळलेले, बस. मागे कलायचं नाही, खांदे उडवायचे नाहीत. वर जाऊन धनुष्यासारखं मागे वाकणं म्हणजे उचलून झालेलं वजन कमरेच्या मणक्यांवर फुकट ठेवणं.

उतरवताना उलटा क्रम: आधी बूड मागे, रॉड मांडीला घासत खाली, गुडघा ओलांडला की मग गुडघे वाकवा. गुडघे आधी वाकवले तर ते रॉडच्या वाटेत येतात आणि रॉड वळसा घालून पुढे जातो. सावकाश उतरवायची गरज नाही, पण ताबा सोडायचा नाही. गोव्यातल्या पुष्कळ जिम पहिल्या मजल्यावर, खाली दुकान किंवा घर असलेल्या आहेत. बिडाची प्लेट आपटली की तडकते, खालच्या माणसाचा छताचा गिलावा झडतो, आणि महिन्याभरात ‘डेडलिफ्ट बंद’ असा कागद भिंतीवर चिकटतो. दोन्ही बाजूंना जाड रबरी मॅट, खाली प्लायवुड आणि हाताने उतरवलेलं वजन, यावर कुणी हरकत घेत नाही.

घाम, पकड आणि गंज

आपल्या हवेत पहिला शत्रू ओलावा. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात घाम दंडावरून ओघळत थेट तळव्यात उतरतो. म्हणून आधी कोपरापासून मनगटापर्यंत कोरडा टॉवेल फिरवा, मग चॉक लावा. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. शाळेतला खडू वेगळा, तो ओला होऊन घसरडा होतो. ओल्या हातावर चॉक लावला की त्याचा लगदा होतो आणि पकड आणखी सुटते. थोडंच घ्या, चोळा, झटका. जिममध्ये चॉकला मनाई असेल तर द्रव चॉक वापरा, सांडत नाही.

रॉड तळहाताच्या मध्यात नको, बोटांच्या मुळाशी धरा. मध्यात धरला तर वजनाने तो बोटांकडे घसरतोच आणि मधली कातडी चुरगाळून घट्टा सोलवटतो.

जमेल तितके सेट दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून करा, त्यानेच पकड वाढते. ती कमी पडू लागली की दोन वाटा. एक, अंगठा रॉडभोवती आत घालून त्यावर बोटं आवळायची. पहिले दोन-तीन आठवडे अंगठा दुखतो, मग सवय होते. दुसरी, एक तळवा उलटा. यात उलट्या तळव्याच्या हाताचं कोपर जरासुद्धा वाकवायचं नाही, कारण दंडाचा स्नायू कोपरापाशी फाटतो तो याच हाताचा. मनगटाला बांधून रॉडभोवती गुंडाळायच्या पट्ट्या लावून ओढायला हरकत नाही, पण पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत त्या चालत नाहीत. शिवाय सगळंच पट्ट्यांवर केलं तर पकड तिथेच राहते.

मांडीवर घाम असेल तर रॉड अडखळतो. मांडीला थोडी टाल्कम पावडर लावा, मात्र चॉकच्या आधी, आणि नंतर हात धुऊन पुसा. पावडरचा हात रॉडला लागला तर तो सेट गेलाच समजा.

समुद्राची हवा रॉडला आठवड्यात तांबूस करते. खाचांत चॉक आणि घाम साचला की गंज वेगाने धरतो, कारण चॉक ओल धरून ठेवतो. दर आठवड्याला नायलॉनच्या ताठ ब्रशने खाचा घासा, कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई यंत्राला घालतो तसल्या पातळ तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन फिरवा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा. तेल ठिपक्यानेही राहता कामा नये.

अडतंय कुठे

मोबाइल बाजूला, तीन मीटरवर, कमरेच्या उंचीवर, बरोबर काटकोनात ठेवा. तिरक्या कोनातून घेतलेला व्हिडिओ खोटं बोलतो. प्लेटच्या टोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि तो सरळ रेषेत वर जातो का ते बघा.

रॉड जमिनीपासून सुटतच नाही: बहुधा तो पुढे आहे किंवा ढील काढलेली नाही. दोन्ही ठीक असतील तर वजन तुमच्यासाठी जास्त आहे, त्यात लाज नाही.

रॉड सुटला, पण बूड आधी वर गेलं: कंबर खाली दाबली होती, नाहीतर मांडीचा पुढचा स्नायू कमी पडतोय. रॉड जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर दोन सेकंद थांबवून मग वर न्या. तुमच्या कमाल वजनाच्या ६० ते ६५ टक्के, तीन रेपचे चार सेट. थांबल्यावर तोल पुढे जातोय की नाही ते स्वतःलाच कळतं. डेडलिफ्टच्या इतर सगळ्या पूरक व्यायामांपेक्षा मी याला वर ठेवेन.

गुडघ्यावर आल्यावर रॉड पायापासून सुटतो: काखा ढिल्या. रबरी पट्टा समोरच्या खांबाला बांधून रॉडला अडकवा, म्हणजे तो रॉड पुढे ओढेल. रिकामा रॉड पायाशी धरून दहा-दहा वेळा वर-खाली करा.

गुडघ्याच्या वर अडतं: मांडीमागचे आणि नितंबाचे स्नायू. रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे वरून सुरू करून बूड मागे नेत नडगीच्या मध्यापर्यंतच उतरायचं, आठ रेपचे तीन सेट. उतरायला तीन सेकंद घ्या. मांडीला रॉड टेकवून झटक्यांनी वर चढवणं हा उपाय नव्हे, स्पर्धेत त्यावर लाल दिवा मिळतो, म्हणजे ती उचल बाद.

पाठ वाकण्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. पाठीचा वरचा भाग किंचित गोल असणं अनुभवी लोकांत दिसतं आणि तो तसाच स्थिर राहिला तर फारसं बिघडत नाही. धोका आहे तो उचलत असताना कमरेचा बाक बदलण्यात. पहिल्या रेपला सरळ असलेली कंबर चौथ्या रेपला गोल होऊ लागली की तो सेट तिथेच संपवा, ठरलेले पाच झाले नसले तरी.

किती, केव्हा

आठवड्यातून एकदा जड, जमल्यास आणखी एकदा हलकी. याहून जास्त लागत नाही. १०० किलोंचे सेट असतील तर चढण अशी: ४० वर पाच, ६० वर पाच, ८० वर तीन, ९० वर एक, मग १०० वर पाचचे दोन किंवा तीन सेट. मधली विश्रांती तीन ते पाच मिनिटं, उकाड्यात पाच. प्रत्येक सेट संपताना आणखी दोन रेप झाले असते असं वाटलं पाहिजे.

सुरुवातीला दर आठवड्याला ५ किलो वाढतात, काही महिन्यांनी अडीच. त्यासाठी सव्वा किलोच्या प्लेटची जोडी लागते. जिममध्ये ती नेहमी हरवलेली असते, म्हणून स्वतःची पिशवीत ठेवा. चवथीचे सात-आठ दिवस नेवऱ्या आणि आरत्यांत गेले की परत आल्यावर पहिल्या दिवशी वीस टक्के कमी लावा, दुसऱ्या वेळी दहा. ताकद तेवढ्यात जात नाही, पण कातडी आणि अंदाज दोन्ही मऊ पडतात.

सकाळी उठल्याउठल्या जड डेडलिफ्ट नको. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावरचा ताण वाढतो. पहाटे साडेपाचला जिम गाठणाऱ्यांनी आधी तासभर तरी उभं-चालतं राहावं, किंवा त्या दिवशी सुरुवात दुसऱ्या व्यायामाने करावी.

दुसऱ्या दिवशी मांडीमागे आणि नितंबात ठणका असणं नेहमीचं. कमरेत नुसता थकवा असेल तोही दोन दिवसांत जातो. पण कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा चवडा उचलता येत नसेल तर मालीश, शेक, ‘मोडून काढू’ यांपैकी काही नको, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) किंवा जवळचं मोठं इस्पितळ गाठा.